कापसाचा भाव एकच, मग एकाला विकावासा आणि दुसऱ्याला साठवावासा का वाटतो? समजून घ्या 'फ्रेमिंग इफेक्ट'

२०२३ चे पहिले दोन-तीन महिने. जळगाव आणि धुळे जिल्ह्यातल्या कापूस पट्ट्यात कुठेही जा, धरणगाव असो की पारोळा, चोपडा असो की शिंदखेडा, एक चित्र हमखास दिसायचं. ओसरीत कापूस, पुढच्या खोलीत कापूस, काही घरांत तर माणसांनी कोपऱ्यात झोपायचं आणि बाकी खोली कापसाची. वेचणी होऊन कितीतरी आठवडे उलटले होते, पण माल विकलेला नव्हता. घरात साठलेल्या कापसामुळे अंगाला खाज सुटते, अशा तक्रारींच्या बातम्याही त्या काळात आल्या.

एवढा कापूस घरात का ठेवला होता? उत्तर त्याच्या आदल्या वर्षात होतं. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला १० हजार रुपयांच्या पुढे गेला होता. हंगामाच्या शेवटी काही बाजारांत तो १२ हजारांच्याही वर पोहोचला. त्यामुळे नव्या हंगामात ८ हजारांच्या घरात भाव मिळत असताना अनेक शेतकऱ्यांनी ठरवलं की थांबायचं. दहा हजार झाल्याशिवाय कापूस घराबाहेर काढायचा नाही.

पण भाव वाढला नाही. उन्हाळा संपता संपता तो ७ हजारांच्या आसपास आला. २० क्विंटल कापूस असलेल्या घराचा हिशोब केला, तर ८ हजारांनी १ लाख ६० हजार रुपये आले असते, ते ७ हजारांनी १ लाख ४० हजार झाले. वर कापूस वाळून वजनात आलेली घट वेगळी आणि उसनवारीचं व्याजही वेगळं.

आता याच ८ हजारांकडे दुसऱ्या बाजूने बघू. २०२२-२३ साठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाला ठरवलेला हमीभाव होता क्विंटलला ६,३८० रुपये. म्हणजे ८ हजारांचा भाव हमीभावापेक्षा १,६२० रुपयांनी जास्त होता. आणि आदल्या वर्षीच्या १० हजारांपेक्षा २ हजारांनी कमीही होता.

दोन्ही वाक्यं खरी आहेत, दोन्हींत भाव तोच आहे. पण पहिलं वाक्य ऐकलं की 'विकून टाकू' असं वाटतं आणि दुसरं ऐकलं की 'थांबून बघू' असं वाटतं. माहिती तीच असताना फक्त मांडणी बदलल्यामुळे माणसाचा निर्णय बदलतो, याला मानसशास्त्रात 'फ्रेमिंग इफेक्ट' म्हणतात. आणि जिथे जोखीम असते, तिथे त्याचा जोर सगळ्यात जास्त दिसतो.

हे नेमकं शोधलं कुणी?

डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्व्हर्स्की हे दोन मानसशास्त्रज्ञ. १९८१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. त्यातला एक प्रयोग आजही जगभर शिकवला जातो.

त्यांनी लोकांना सांगितलं, समजा एक साथ येणार आहे आणि त्यात ६०० माणसं दगावण्याची शक्यता आहे. सरकारपुढे दोन योजना आहेत. पहिली योजना राबवली तर २०० जण नक्की वाचतील. दुसरी राबवली तर एक तृतीयांश शक्यता आहे की सगळे ६०० वाचतील आणि दोन तृतीयांश शक्यता आहे की कुणीच वाचणार नाही. तुम्ही कोणती निवडाल?

७२ टक्के लोकांनी पहिली योजना निवडली. २०० जण नक्की वाचत असतील तर जुगार कशाला खेळायचा?

मग दुसऱ्या गटाला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. पहिल्या योजनेत ४०० जण नक्की दगावतील. दुसरीत एक तृतीयांश शक्यता आहे की कुणीच दगावणार नाही आणि दोन तृतीयांश शक्यता आहे की सगळे ६०० दगावतील.

नीट पाहिलं तर काहीच बदललेलं नाही. ६०० पैकी २०० वाचणं म्हणजेच ४०० दगावणं. पण या गटात पहिली योजना निवडणारे उरले फक्त २२ टक्के. तब्बल ७८ टक्के लोक जोखमीच्या योजनेकडे वळले.

यातून निघालेला निष्कर्ष असा. समोर फायदा दिसत असेल तर माणूस हातातला फायदा पक्का करतो, धोका टाळतो. समोर तोटा दिसत असेल तर तोच माणूस तोटा टाळण्यासाठी मोठा धोका पत्करायला तयार होतो. याचं कारण, मिळालेल्या हजार रुपयांच्या आनंदापेक्षा गमावलेल्या हजार रुपयांचं दुःख मोठं असतं.

या कामाबद्दल काहनेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्व्हर्स्की यांचं १९९६ मध्येच निधन झालं होतं.

पुढे अनेकांना शंका आली की हे सगळं विद्यापीठातल्या पोरांपुरतंच असेल. म्हणून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात ३६ वेगवेगळ्या गटांवर हा प्रयोग पुन्हा करून बघितला गेला. परिणाम मूळ प्रयोगाएवढा मोठा नव्हता, पण तो पुन्हा स्पष्ट दिसला.

मग कापूस ठेवणारे चुकले का?

असं थेट म्हणता येणार नाही. आदल्या वर्षी ज्यांनी थांबून कापूस विकला, त्यांना खरोखरच जास्त पैसे मिळाले होते. त्यामुळे थांबण्यामागे अनुभव होता. पेरणीपासून वेचणीपर्यंतचा खर्चही वाढलेला होता. भाव पुढे वाढणार की पडणार हे जानेवारीत कुणालाच ठामपणे माहीत नव्हतं.

मुद्दा वेगळा आहे. १० हजार हा आकडा आदल्या वर्षीच्या बाजाराचा होता. नव्या हंगामातलं जगभरातलं उत्पादन, सूतगिरण्यांची मागणी, आंतरराष्ट्रीय बाजार, यातलं काहीच त्या आकड्यात नव्हतं. तरीही तोच आकडा मनात तराजूचं माप होऊन बसला. त्या मापाने मोजलं की ८ हजारांना विकणं म्हणजे २ हजारांचा तोटा ठरतो. आणि तोटा समोर दिसला की माणूस थांबण्याचा जुगार खेळतो, हे वरच्या प्रयोगात आपण बघितलं.

खान्देशात या मापाला आणखी एक गोष्ट हातभार लावते. ती म्हणजे मुहूर्ताची खरेदी. गणेशोत्सवाच्या सुमारास काही गावांत व्यापारी नव्या कापसाच्या खरेदीचा शुभारंभ करतात. नारळ फुटतो, काट्याची पूजा होते, पहिल्या कापसाला चढा भाव दिला जातो आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरतो. हा भाव थोड्याशा मालाला, शुभारंभाचा मान म्हणून दिलेला असतो. पण फोटो पाहणाऱ्याच्या मनात तोच हंगामाचा भाव म्हणून बसू शकतो. पुढे दिवाळीनंतर व्यापारी खेडा खरेदीला दारात येतो, तेव्हा त्याने सांगितलेला प्रत्येक भाव त्या फोटोपेक्षा कमीच वाटतो.

विम्याचा हप्ता 'वाया' जातो का?

रावेर-यावल पट्ट्यात केळीची बाग असलेल्यांसाठी हा दरवर्षीचा प्रश्न आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण हिवाळ्यातली कडाक्याची थंडी, एप्रिल-मेमधलं तापमान, वादळी वारा आणि गारपीट हे धोके काही सुटलेले नाहीत. यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा योजना आहे.

हिशोबाला सोपं जावं म्हणून धरून चाला की हेक्टरी १ लाखाचं संरक्षण आहे आणि शेतकऱ्याचा वाटा ५ टक्के, म्हणजे ५ हजार रुपये. चार वर्षं हप्ता भरला आणि चारही वर्षं बाग शाबूत राहिली. आता हे दोन पद्धतींनी सांगता येतं. 'चार वर्षांत २० हजार रुपये पाण्यात गेले.' किंवा 'चार वर्षं १ लाखाची जोखीम ५ हजारांत दुसऱ्याच्या डोक्यावर टाकली.'

पहिल्या मांडणीत हप्ता हा नक्की होणारा तोटा आहे आणि नुकसान हा कदाचित होणारा तोटा. अशा वेळी माणूस म्हणतो, बघू काय होतं ते.

अमेरिकेतल्या पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. लोकांना विचारलं, ५० डॉलर नक्की गमवाल, की २०० डॉलर गमावण्याची २५ टक्के शक्यता स्वीकाराल? ८० टक्के लोकांनी जोखीम स्वीकारली. मग तीच गोष्ट विमा म्हणून सांगितली. २०० डॉलरच्या नुकसानीची २५ टक्के शक्यता आहे, ५० डॉलरचा विमा घ्याल का? आता नाही म्हणणारे फक्त ३५ टक्के निघाले. रक्कम तीच, शक्यता तीच. एका शब्दाने बहुतेकांचं मत फिरवलं.

महाराष्ट्रात याच्याशी जुळणारं एक मोठं उदाहरण घडलं. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने खरीप आणि रब्बी पिकांसाठी '१ रुपयात पीकविमा' जाहीर केला. शेतकऱ्याच्या वाट्याचा उरलेला हप्ता राज्य सरकार भरणार होतं. खरीप २०२२ मध्ये सुमारे ९६ लाख अर्ज आले होते, ते खरीप २०२३ मध्ये सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेले.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. शेतकऱ्याच्या खिशातून जाणारी रक्कम खरोखर कमी झाली होती. त्यामुळे अर्ज वाढले ते फक्त फ्रेमिंगमुळे, असं म्हणता येणार नाही. पण '१ रुपयात' या दोन शब्दांनी आणखी एक गोष्ट केली. विम्याची किंमत १ रुपयाच आहे असं वाटू लागलं. प्रत्यक्षात बाकीचा हप्ता सरकारी तिजोरीतून, म्हणजे लोकांच्याच पैशातून जात होता. बोगस अर्जांच्या तक्रारी वाढल्या आणि २०२५ मध्ये ही योजना बंद झाली. खरीप २०२५ पासून शेतकऱ्याला पुन्हा आपल्या वाट्याचा हप्ता भरावा लागू लागला. काल १ रुपया भरणाऱ्याला आज काहीशे रुपयेही मोठे वाटले, तर त्यात नवल नाही. मापच १ रुपयाचं झालं होतं.

अर्थात भरपाई वेळेवर न मिळणं, हवामान केंद्रातल्या नोंदींवरून होणारे वाद, पंचनाम्यातले घोळ, या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांना मनाचा खेळ म्हणून झटकून टाकता येणार नाही. विमा घ्यायचा की नाही हे ठरवताना त्या मोजल्याच पाहिजेत. पण 'काही झालं नाही म्हणून पैसे वाया गेले' हे कारण त्यात बसत नाही. रात्री चोर आला नाही म्हणून कुलूप वाया गेलं, असं कुणी म्हणत नाही.

डॉक्टरांनाही हे लागू होतं?

हो. १९८२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की रेडिएशन, अशी निवड लोकांपुढे ठेवली होती. काहींना सांगितलं, शस्त्रक्रियेतून १०० पैकी ९० जण सुखरूप बाहेर येतात. काहींना सांगितलं, १०० पैकी १० जण शस्त्रक्रियेच्या काळात दगावतात.

'वाचतात' ही भाषा वापरली तेव्हा १८ टक्के लोकांनी रेडिएशन निवडलं. 'दगावतात' म्हटल्यावर हाच आकडा ४४ टक्क्यांवर गेला. अभ्यासात रुग्ण होते, विद्यार्थी होते आणि डॉक्टरही होते. तिन्ही गटांवर मांडणीचा परिणाम झाला. शिक्षण आणि अनुभव असला की माणूस यातून सुटतो, हा समज तिथेच खोटा ठरला.

जळगावकरांना असाच एक आकडा आठवत असेल. जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्याचा कोरोना मृत्युदर १० टक्क्यांच्या वर होता. देशाचा दर तेव्हा ३ टक्क्यांच्या आसपास होता. साहजिकच जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं.

तो आकडा खोटा नव्हता आणि परिस्थिती गंभीरच होती. पण तो दर काढला होता सापडलेल्या रुग्णांच्या संख्येवरून. तपासण्या कमी असतील आणि माणसं आजार बळावल्यावरच दवाखान्यात येत असतील, तर सापडलेल्या रुग्णांत गंभीर रुग्ण जास्त असतात आणि दर वर जातो. पुढे तपासण्या वाढल्यावर जिल्ह्याचा दर खाली आला.

आता या आकड्यावरून दोन बातम्या बनू शकतात. 'कोरोना झालेल्या दहातला एक दगावतो' आणि 'उशिरा येणारे रुग्ण दगावत आहेत, लवकर तपासणी करा.' पहिली वाचून माणूस दवाखान्यालाच घाबरू शकतो. दुसरी वाचून तो दुसऱ्या दिवशी तपासणीला जाऊ शकतो.

'धोका दुप्पट' वाचलं की काय करायचं?

मोबाईलवर येणाऱ्या आरोग्याच्या बातम्यांत सगळ्यात जास्त वापरली जाणारी फ्रेम हीच. 'अमुक खाल्ल्याने धोका दुप्पट', 'तमुक औषधाने धोका १०० टक्क्यांनी वाढतो'.

१९९५ मध्ये ब्रिटनमध्ये असंच झालं. काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो, असा इशारा देण्यात आला. घाबरून अनेक महिलांनी गोळ्याच बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३ हजार जास्तीचे गर्भपात झाले.

दुप्पट म्हणजे किती होतं? आधीच्या गोळ्यांमध्ये ७ हजार महिलांपैकी एकीला हा त्रास व्हायचा. नव्या गोळ्यांमध्ये ७ हजारांत दोघींना. म्हणजे ७ हजारांमागे एक महिला जास्त. 'दुप्पट' आणि '७ हजारांत एक जास्त', दोन्ही बरोबरच. त्यात आणखी एक विरोधाभास असा की गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. ज्या धोक्याला भिऊन गोळ्या सोडल्या, तो सोडल्यामुळे वाढला.

मग ओळखायचं कसं?

फ्रेमशिवाय कुठलीच माहिती सांगता येत नाही. भाव सांगितला की तो कशाच्या तरी तुलनेतच ऐकला जातो. त्यामुळे फ्रेम दिसली म्हणजे समोरचा फसवतोय, असं समजण्याचं कारण नाही. पण निर्णयात पैसा किंवा जीव गुंतलेला असेल, तर चार गोष्टी करून बघता येतात.

वाक्य उलटं करा. '९० टक्के यशस्वी' ऐकलं तर '१० टक्के अयशस्वी' असं स्वतःशी म्हणून बघा. 'तोटा' ऐकलं तर तोच आकडा फायदा म्हणून मांडा. उलट केल्यावर मत बदलत असेल, तर तुमचं मत आकड्यावर नाही, शब्दांवर उभं आहे.

कशाच्या तुलनेत, ते विचारा. मागच्या वर्षीचा भाव, हमीभाव, तुमचा उत्पादन खर्च, शेजाऱ्याला मिळालेला भाव. प्रत्येक मापाने उत्तर वेगळं येईल. यातलं कोणतं माप आजच्या निर्णयाशी संबंधित आहे?

टक्क्यांऐवजी माणसं मोजा. 'दुप्पट', 'निम्मा', '५० टक्क्यांनी जास्त' असं काही दिसलं की किती जणांमधून किती जण, हे शोधा. बातमीत ते दिलेलं नसेल, तर ती पुढे पाठवण्याआधी थांबा.

एकाच वर्षावरून निर्णय तोलू नका. थांबून भाव मिळाला म्हणून थांबणं नेहमी बरोबर ठरत नाही. हप्ता भरून नुकसान झालं नाही म्हणून विमा चुकीचाही ठरत नाही. नशिबाने साथ दिली की निर्णयच चांगला होता, असं वाटायला लागतं.

कापसापुरतं बोलायचं तर मनातलं जुनं माप बाजूला ठेवायला एक प्रश्न पुरतो. घरातला हा कापूस आज तुमच्याकडे नसता आणि त्याऐवजी तेवढे पैसे हातात असते, तर आजच्या भावाने कापूस विकत घेऊन तुम्ही तो खोलीत साठवला असता का?

उत्तर 'हो' असेल, तर थांबण्यामागे तुमचा काही अंदाज आहे. घरखर्च आणि कर्जाचा हप्ता भागत असेल, तर थांबायला हरकत नाही. उत्तर 'नाही' असेल, तर तुम्हाला रोखून धरणारा आकडा बहुधा मागच्या वर्षीचा आहे. आणि मधला मार्गही असतोच. अर्धा आज विकायचा, अर्धा ठेवायचा.